सूर्य उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा

तीन भूस्थिर उपग्रह (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह) असले की एखादी वाहिनी जगभर अखंड दाखवता येते, हे एका चर्चेत केले गेलेले विधान भूमितीच्या दृष्टीने बरोबर आहे. ध्रुवांजवळचा प्रदेश वगळला तर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील असे तीन उपग्रह उरलेली पृथ्वी व्यापतात. अखंडतेचा दावा मात्र मला मान्य नाही. पाऊस आडवा येतोच, विशेषतः केयू बँडवर (घरच्या डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यावर), पण त्याहून अटळ असा एक व्यत्यय त्या चर्चेत कोणी मांडलेला नाही. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास सलग काही दिवस, रोज साधारण ठरावीक वेळी, सूर्य डिशच्या रोखात उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि त्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा मुळातच क्षीण असलेला संकेत काही मिनिटे बुडून जातो. उत्तर गोलार्धात हे मार्चच्या विषुवदिनाआधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर घडते, दक्षिण गोलार्धात याच्या उलट.

डिश जितकी मोठी तितका तिचा संकेत टिपण्याचा कोन अरुंद, त्यामुळे व्यत्ययही तितका कमी वेळ टिकतो. या वेळा संकेत घेणाऱ्या प्रत्येक केंद्रासाठी आधीच गणिताने काढता येतात, म्हणूनच काळजीपूर्वक काम करणारे वाहिन्यांचे वितरक तेवढ्यापुरता तोच कार्यक्रम फायबरवरून किंवा पुरेशा वेगळ्या रेखांशावरील उपग्रहावरून घेतात, कारण त्या दुसऱ्या उपग्रहामागे सूर्य त्या क्षणी नसतो. घरच्या एकाच डिशवर थेट पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा पर्याय नसतो. त्याला निदान या वेळा आधी कळवणे हे वितरकाचे कर्तव्य आहे, असे मला ठामपणे वाटते.