साथीच्या दिवसांत घरपोच अन्न : तुम्हाला नक्की कशाची भीती वाटायची?

उंबरठा

परवा कपाट आवरताना जंतुनाशकाची अर्धी बाटली सापडली आणि २०२० सालचा मार्च डोळ्यांसमोर आला. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा ऑनलाइन किराणा मागवला. तोवर भाजी हाताने निवडल्याशिवाय घेत नसे. दुकानात जायची भीती म्हणून मागवायचं, आणि मागवलं की आलेल्या पिशवीची भीती! पहिली पिशवी मी दाराबाहेर ऊन खात ठेवली. आत दूध होतं, हे दुसऱ्या दिवशी वासावरून कळलं.

साथीत ऑनलाइन मागवलेलं अन्न तुम्हाला दुकानातल्यापेक्षा सुरक्षित वाटायचं की जास्त धोक्याचं? तेव्हा काय करायचात, आणि ते कधी सुटलं? उपदेश नको, घडलेलं सांगा.

तारीखवार

आमच्या घरात खोक्यांचं विलगीकरण होतं. पुठ्ठ्यावर विषाणू २४ तास आणि प्लॅस्टिकवर ७२ तास टिकतो, एवढंच वाचलं होतं. मग प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी: आली कधी, उघडायची कधी. बायको म्हणायची, बिस्किटांना पॅरोलवर सोडल्यासारखं वाटतंय.

बऱ्याच महिन्यांनी तो अभ्यास नीट वाचला. ते आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचे आणि आर्द्रतेचे होते. शिवाय प्लॅस्टिकवरचा जिवंत विषाणू दर सातेक तासांनी निम्मा होत होता. ७२ तासांनंतर उरला होता तो नाममात्र. मी मथळ्यातला सर्वांत मोठा आकडा उचलला आणि त्यावर घर चालवलं. पण खरं सांगू? चिठ्ठ्या लावल्या की रात्री झोप लागायची.

फेसाळ

मी पालेभाजी भांड्यांच्या साबणाने धुतली आहे. एकदा नव्हे, दोन महिने. पानांच्या बेचक्यांत साबण बसतो, चार पाण्यांनीही जात नाही. आमटीला फेस आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आजाराने नाही, तू मारशील." पोटं सगळ्यांचीच बिघडली. फळं-भाज्या नुसत्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण लावू नका, असं अन्नसुरक्षावाले तेव्हाही सांगत होते. माझ्यापर्यंत पोचला तो मात्र साबणाचा व्हिडिओ.

एकटी मीच वेडी नव्हते म्हणा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२०मध्ये ५०२ प्रौढांना विचारलं, तर १९ टक्के लोकांनी खाण्याच्या वस्तूंना ब्लीच लावल्याचं कबूल केलं. ब्लीच! त्यापुढे माझा साबण सोवळाच.

निवांत

पिशवी आत घेतली, सामान लावलं, हात धुतले. इतकंच. नातेवाइकांनी बेजबाबदार ठरवलं.

दोन नंबरची बेल

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. तेव्हा मी माल पोचवायचो.

काही लोक दार फटीएवढंच उघडायचे. एका घरी पिशवीवर फवारायचं ते थेट माझ्या अंगावर आलं, डोळे चुरचुरत पुढची तीन घरं केली. दिवसभरात किती जिने, किती लिफ्ट, त्याचा हिशेब नाही. माझ्या पिशवीला सगळे घाबरायचे, पण पिशवीपेक्षा मी लोकांच्या श्वासात जास्त वेळ असायचो हे कुणाच्या मनात येत नसे. गोदामात एक जण ताप अंगावर काढत यायचा. सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरं तर तिथे होता.

एका घराबाहेर बादली, साबण आणि 'हात धुऊन घ्या' अशी पाटी होती. पहिल्या दिवशी अपमान वाटला. चौथ्या दिवशी मी त्या घराची वाट बघू लागलो, कारण दिवसभरात हात धुवायला दुसरी जागाच नव्हती.

ताटातलं

सामुदायिक स्वयंपाकघरात काम करते, म्हणून थोडं वेगळं. कोविड मुख्यतः श्वासातून पसरतो, अन्नातून तो झाल्याचा पुरावा नाही. पण सगळ्याच साथी तशा नसतात. कॉलरा, हिपॅटायटिस ए, नोरोव्हायरस ह्यांत अन्न आणि पाणीच वाहक. तिथे पिशवी कुणी हाताळली ह्याआधी विचारायचं ते, स्वयंपाक कुणी केला आणि त्याने हात कसे धुतले. नोरोव्हायरसवर हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच हवं. म्हणजे एका साथीत शिकलेली सवय दुसरीत जशीच्या तशी लावता येत नाही.

कोविडच्या काळात मला स्वतःला भीती वाटायची ती तापमानाची. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात आणि शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. गोठवलेलं मांस एकदा मऊ होऊन आलं. शेजारीण तेच पाकीट अर्धा तास पुसत बसली होती, वरून चकाचक. मी माझं फेकलं. उंबरठाताई, दूध उन्हात ठेवलंत तो तुमच्या घरातला खरा धोका होता बघा.

गोठण

जून २०२०मध्ये बीजिंगच्या शिनफादी घाऊक बाजारात साथ उसळली आणि आयात केलेला सामन मासा कापायच्या फळीवर विषाणू सापडल्याची बातमी आली. आमच्याकडे गोठवलेले मासे त्या दिवसापासून बंद. सामन आम्ही जन्मात कधी मागवला नव्हता.

चिठ्ठीवाली

आई एकटी राहायची, तिचं जेवण मी दुसऱ्या देशातून मागवायचे. डब्यावर चिठ्ठी यायची: स्वयंपाक्याचा ताप इतका, आणणाऱ्याचा इतका. ती वाचून मला हायसं वाटायचं. लक्षणं नसलेला माणूसही कोविड पसरवू शकतो हे माहीत होतं, तरी आकडा दिसला की बरं वाटायचं. आई मात्र चिठ्ठी बघायचीच नाही. तिचा विश्वास होता तो रोज येणाऱ्या त्याच मुलावर. दुसरा कुणी आला की डबा तसाच राहायचा.

बदली माल

इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. टंचाईच्या दिवसांत मागवलेली वस्तू नसली की दुकान 'तत्सम' काहीतरी पाठवायचं. मी पाकिटाचा कोपरान्‌कोपरा पुसला, पण मागे छापलेले घटक वाचले नाहीत. ओठ सुजले, वेळेत दवाखान्यात पोचलो. त्यानंतर 'पर्यायी वस्तू नको' ही खूण आधी, बाकी सगळं मागून. साथीतला आमचा सर्वांत वाईट दिवस विषाणूने आणलाच नाही.

उंबरठा

ताटातलं, दुधाबद्दल गुन्हा कबूल. दोन नंबरची बेल, एक विचारू? तुम्ही स्वतः कधी मागवायचात का?

दोन नंबरची बेल

एकदाच, मी आजारी पडलो तेव्हा. पिशवी ठेवून लांब उभा होता तो आमच्यातलाच एक. दोघांच्याही तोंडाला मास्क, आवाजावरून ओळखलं. मी आतूनच पाणी विचारलं. नको म्हणाला. आम्हाला कुणाच्या घरचं पाणी घ्यायची परवानगी नव्हती.