रिच मिश्रणाचा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, हे थांबायला हवं

ट्रिमवाचक

पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, काळे प्लग, घसरलेलं अ‍ॅव्हरेज आणि स्कॅनरवर पी०१७२, म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) असल्याचा कोड. अशा गाडीला पहिला सल्ला ठरलेला असतो: "पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाका." बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

पी०१७२ कधी पडतो? ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) पेट्रोल कापत कापत आपली मर्यादा गाठली की. शॉर्ट आणि लाँग ट्रिमची, म्हणजे ईसीयूनं पेट्रोलमध्ये केलेल्या तात्पुरत्या आणि टिकाऊ दुरुस्तीची, बेरीज साधारण उणे २० ते २५ टक्क्यांवर गेलेली असते. आता पेट्रोल काप असं ईसीयूला सांगितलं कोणी? ऑक्सिजन सेन्सरनंच. प्लग खरोखर काळे आहेत आणि ट्रिमही उणे आहे, म्हणजे सेन्सर खरं सांगतोय. नवा बसवलात तर तोही तेच सांगेल.

सेन्सरवर संशय घ्यायचा तो उलट चित्र दिसल्यावर. धूर काळा, पण ट्रिम अधिक २०. म्हणजे सेन्सर ऑक्सिजन जास्त दाखवतोय आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओततोय. तिथंही आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गळतेय का आणि एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय का, हे बघा. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. मिसिंगवाल्या सिलिंडरमधली हवा न जळता बाहेर येते, आणि पेट्रोल वाया जात असूनही सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं.

जुनापाना

तर्क बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. सेन्सर दोन्ही बाजूंना खोटं बोलू शकतो. सिलिकॉन सीलंटच्या वाफेनं त्याच्या टोकावर पांढरट थर बसतो, मग तो आळशी होतो. हीटरची १२ व्होल्टची वायर सिग्नलच्या वायरला घासून लागली, तर ईसीयूला कायम रिच दिसतं, ट्रिम उणे जाते आणि इंजिन प्रत्यक्षात पातळ मिश्रणावर चालतं.

शिवाय नॅरोबँड (रिच की पातळ एवढंच सांगणारा) ऑक्सिजन सेन्सर ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. हीटर मेला की गाडी बराच वेळ ओपन लूपमध्येच (सेन्सरचं न ऐकता) राहते. म्हातारा सेन्सर कोड न टाकताही पेट्रोल खातो. लाखभर किलोमीटर झालेला सेन्सर बदलणं हा वायफळ खर्च नाही, ती देखभाल आहे.

ट्रिमवाचक

देखभाल म्हणून बदला, त्याला माझा विरोध नाही. निदान म्हणून बदलू नका. सेन्सर खोटं बोलतोय का, हे पाच मिनिटांत कळतं.

इंजिन पूर्ण गरम करा, स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज लावा (कमी म्हणजे पातळ, जास्त म्हणजे रिच). रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम ३००० पर्यंत न्या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा, क्लच दाबू नका. ईसीयू इंजेक्टर बंद करतो, सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. त्या क्षणी व्होल्टेज ०.१ च्या खाली पडलाच पाहिजे. मग पुन्हा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबा, ०.८ च्या वर उडी मारली पाहिजे. दोन्ही टोकं झटकन गाठणारा सेन्सर मधल्या भागात तासन् तास चुकीचं रिच दाखवत बसेल, ही शक्यता फार कमी. स्कॅनर बघायला शेजारी दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्यानं बघू नये.

जुनापाना

चाचणी चांगली आहे, पण एक पळवाट राहते. गळका इंजेक्टर त्या वेळीही ठिबकत असतो, मग व्होल्टेज पूर्ण खाली येत नाही आणि दोष चांगल्या सेन्सरवर जातो. तेव्हा खाली न आलेला सेन्सर लगेच फेकू नका. कनेक्टर काढून स्कॅनरवर बघा. सेन्सर सुटा असतानाही ईसीयूला ०.९ दिसत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे.

नवागॅरेज

एवढं कशाला? संशय असलेल्या सेन्सरचा कनेक्टर काढायचा, गाडी सुधारली तर तोच दोषी. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरलाही हेच लागू. आणि आधी एअर फिल्टर बदलायचा, हवा कमी पडली की मिश्रण रिच होतं.

ट्रिमवाचक

फिल्टरची गोष्ट कार्ब्युरेटरच्या काळातली. इंजेक्शनच्या गाडीत हवा फिल्टरनंतर मोजली जाते. फिल्टर तुंबला तर मोजलेली हवाच कमी येते आणि पेट्रोलही त्या प्रमाणात कमी होतं. पिकअप मरेल, उणे २५ ट्रिम येणार नाही.

कनेक्टर काढून बघण्याची पद्धत फसवी आहे. ऑक्सिजन सेन्सर काढला की ईसीयू ट्रिम गोठवतो आणि ठरावीक आकड्यांवर चालतो. एअरफ्लो काढला की थ्रॉटल आणि आरपीएमवरून हवेचा अंदाज बांधतो. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. गाडी सुधारली तर संशयाला बळ मिळतं, पण दोष सेन्सरचा, वायरचा की त्याच्या अर्थचा (अर्थिंगच्या जोडणीचा), हे कळत नाही.

तारतंत्र

अर्थचा विषय निघालाच आहे तर त्यावर थांबायला हवं, कारण सेन्सर फेकून देण्याच्या चुका इथंच सगळ्यात जास्त होतात.

कूलंट टेम्परेचर सेन्सर थंड असताना रेझिस्टन्स जास्त दाखवतो. सर्रास वापरला जाणारा प्रकार २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० अंशांना सव्वातीनशे ओहमच्या जवळ असतो. आता कनेक्टरच्या पिनेवर हिरवा गंज चढला आणि ३०० ओहम वाढले, तर थंड इंजिनाला फारसा फरक पडणार नाही. पण गरम इंजिनाला ईसीयू पन्नास-साठ अंशांचं समजेल आणि पेट्रोल वाढवत राहील. सेन्सर काढून मोजाल तर तो अगदी बरोबर भरेल.

मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा इंजिनात नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आणि कूलंट सेन्सर यांचा अर्थ बहुतेकदा एकच असतो. त्या वायरवर ०.२ व्होल्टचा ड्रॉप आला की दोघांचा सिग्नल एकाच दिशेनं वर सरकतो. मॅप सेन्सरचा एक व्होल्ट म्हणजे साधारण २० किलोपास्कल. आयडलला ३२ च्या जागी ३५ दिसलं तरी पेट्रोल दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं, आणि वर इंजिन थंड असल्याचा खोटा निरोप. दोन सेन्सर बदलूनही दोष जागचा हलत नाही.

मोजायचं असं: इंजिन चालू ठेवा, मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल पिन सेन्सरच्या अर्थ वायरवर मागून लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. १०० च्या वर गेलं तर आधी अर्थचे बोल्ट काढून घासा.

जुनापाना

हे मान्य. यात थर्मोस्टॅट जोडा. तो उघडा अडकला तर कूलंट सेन्सर खरं सांगत असतो, इंजिनच ६५ अंशांच्या वर जात नाही. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर बघा. दोन्ही दोन-चार अंशांच्या फरकात हवीत. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा. ८५ ते ९५ वर स्थिरावलं नाही तर थर्मोस्टॅट.

नवागॅरेज

ठीक, सेन्सर, वायर आणि अर्थ सगळं बरोबर निघालं. ट्रिम तरी उणे २२ आहे. मग?

ट्रिमवाचक

मग पेट्रोल खरंच जास्त येतंय, कुठून ते शोधायचं. आयडलला आणि २५०० आरपीएमला ट्रिमची बेरीज वेगवेगळी लिहून घ्या.

आयडलला उणे २२ आणि २५०० ला उणे ४ असेल, तर थोडं पण सतत येणारं जादा पेट्रोल शोधा. पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर. टाकीतली वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडणारा हा व्हॉल्व्ह उघडा अडकतो. त्याची मॅनिफोल्डकडची नळी पक्कडीत कापड घालून दाबा. मिनिटभरात ट्रिम शून्याकडे सरकली तर व्हॉल्व्ह बदला. गाडी गरम असताना सुरू व्हायला त्रास देत असेल तर इंजेक्टर गळतोय का बघा. इंजिन बंद केल्यावर प्रेशर गेजचा काटा भराभर पडतो का, ते पाहायचं.

दोन्हीकडे सारखीच उणे असेल तर फ्युएल प्रेशर किंवा हवेचं मोजमाप. परतीच्या लाइनच्या (जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या) गाडीत प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा. आत ओलसर पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, पुढं काही मोजायची गरज नाही. नळी कोरडी असेल तर काढल्यावर प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास वाढायला हवं. प्रेशर सोडल्याशिवाय पेट्रोलची कोणतीही जोडणी उघडू नका, आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर थेंबही पडू देऊ नका.

तारतंत्र

आणि ऑइलचा वास घ्या. बरेच दिवस रिच चाललेल्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. मूळ दोष दुरुस्त केला तरी गरम ऑइलमधली वाफ पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणाऱ्या) नळीतून परत इंजिनात जाते आणि ट्रिम उणेच राहते. मग चांगलं काम केलेल्या मेकॅनिकलाही वाटतं की निदान चुकलं. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय निकाल देऊ नका.

जुनापाना

माझा आक्षेप अजून आहे. एवढं मोजायला गेज, चांगला स्कॅनर आणि वेळ लागतो. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्यानं दीड लाख किलोमीटर चाललेला सेन्सर बदलला तर त्याला मूर्ख ठरवू नये.

ट्रिमवाचक

मूर्ख कोणीच नाही. पण नवा सेन्सर रिच इंजिनावर बसवला तर त्यावरही काजळी चढते. आणि सेन्सर बदलताना लोक कोड पुसतात, तिथं खरं नुकसान होतं. कोडसोबत साठलेला फ्रीज फ्रेम जातो. कोड पडला तेव्हा आरपीएम किती, कूलंट किती, ट्रिम किती, हे सगळं त्यात असतं. गेज नसलं तरी साधा स्कॅनर तेवढं दाखवतो. आधी त्याचा फोटो काढा, मग पाना हातात घ्या. ट्रिम रीसेट करायची ती दुरुस्तीनंतर, आणि पुन्हा बघायची ती दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवून झाल्यावर.