मदत हवी आहे: नवी मुंबई विमानतळावरून सहारला (मुंबईच्या जुन्या विमानतळावर) किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो. माझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात नणंदेकडे दुबईला चाललेत. नागपूरहून ते दुपारी चारला नवी मुंबई विमानतळावर उतरतील आणि रात्री साडेदहाचं विमान सहारच्या टी-टूवरून (टर्मिनल २) आहे. तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे बॅगा घेऊन बाहेर यायचं, तिकडे पुन्हा चेक-इन.

अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर, ते ठीक. पण संध्याकाळी प्रत्यक्षात किती वेळ धरावा? अटल सेतूने टोल भरून जायचं, तर शिवडीला उतरून पुन्हा उत्तरेला चेंबूर-कुर्ल्याकडे यायचं. मला तरी तो वळसाच वाटतो. वाशी पुलावर कारला आता टोल नाही, पण मानखुर्दपासून पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. यांचं म्हणणं सेतूच बरा, गाडी निदान पळती तरी राहते!

हल्ली संध्याकाळी कोणी गेलंय का? कुठला रस्ता घेतलात? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून लोकल-मेट्रो नको. उलव्याच्या बाजूने ओला-उबर पटकन मिळते, की ओळखीचा ड्रायव्हर आधीच सांगून ठेवू?