रचित भाषेसाठी रोज 5 शब्द : नवी मुळं किती, साधित किती? मदत हवी आहे

मी स्वतः बनवत असलेल्या भाषेत 12 व्यंजनं, 5 स्वर. प्रत्येक अक्षर म्हणजे व्यंजन अधिक स्वर. म्हणजे 60 अक्षरं आणि दोन अक्षरी शब्द 3600. जागा भरपूर, तरी 'तिमा' (ओलं) आणि 'दिमा' (पाणी) असे शब्द होऊन बसतात. दोन्ही एकाच वाक्यात येणारे, ऐकताना हमखास घोटाळा! वर्णक्रमाच्या यादीत अशा जोड्या लांब पडतात. शेवटच्या वर्णापासून उलटी लावली की शेजारी येतात, तेवढं जमलंय.

खरी अडचण अर्थांची. एका मराठी शब्दाला एकच नवा शब्द दिला, की भाषा नुसती मराठीची सांकेतिक लिपी होते. सदरा घालणं, मीठ घालणं, अंघोळ घालणं: इथे तीन वेगळे धातू घ्यावेत का? आणि रोजच्या पाचांत प्रत्यय लावून किती साधावेत? तुमची पद्धत उदाहरणासकट सांगा.