जेवणानंतरची शुगर बरी, पण उपाशीपोटीची १०० च्या वर. इन्सुलिन घ्यावंच लागेल का?

मुग्धा_नाशिक:
२९ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. ते ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ना, त्यात १६२ आली, १४० च्या आत हवी होती. डाएट सुरू केल्यापासून जेवणानंतर दोन तासांनी ११०-११८ येते म्हणजे ठीकच, पण सकाळी उपाशीपोटी ९८, १०२, कधी १०५. डॉक्टर म्हणाल्या ९५ च्या आत आली नाही तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. अहो मी रात्री नुसतं वाटीभर सूप पिऊन झोपते, तरी सकाळी जास्तच! सासूबाई म्हणतात इन्सुलिन एकदा लागलं की जन्माचं मागे लागतं. गोळीवर नाही का भागणार?

तेजूची_आई:
आधी ते सूप बंद कर बाई, प्लीज. उपाशी झोपून सकाळची शुगर उतरत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की लघवीत कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते) यायला लागतात, ते बाळाला चांगलं नाही. मी आठ वाजता ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ असं नीट जेवायचे आणि झोपताना बिनसाखरेचं कपभर दूध नि चार बदाम. थोडा फरक पडला पण मला शेवटी इन्सुलिन लागलंच. सुई एवढीशी असते, डास चावल्यासारखं वाटतं. आणि डिलिव्हरी झाल्याबरोबर बंद केलं, सासूबाईंना सांग.

डाएटवाली_ताई:
मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून थोडं लिहिते. जेवणानंतरची शुगर बरीचशी ताटावर ठरते, पण उपाशीपोटीची तशी नाही. वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे आईचं स्वतःचं इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यात लिव्हर रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं, मग पथ्य कितीही कडक पाळलं तरी सकाळचा आकडा चढाच. तुमची जेवणानंतरची शुगर ताब्यात आहे म्हणजे तुम्ही तुमचं काम चोख केलंय. आता गोळीचं. मेटफॉर्मिन देतात, पण ते वारेतून बाळापर्यंत जातं, इन्सुलिन जवळजवळ जात नाही, म्हणून बऱ्याच डॉक्टर इन्सुलिनच पसंत करतात. कुठलं द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा, फक्त टाळत बसू नका. आईची जास्तीची साखर बाळाकडे जाते, बाळ स्वतः जास्त इन्सुलिन बनवतं, वजन वाढतं आणि जन्मल्यावर त्याचीच शुगर एकदम खाली येऊ शकते.

स्वरा७:
+१. नाश्त्यालाही सांभाळ, सकाळी शुगर पटकन चढते. मला दुपारी भात चालायचा पण सकाळचे पोहे अजिबात नाही, त्याऐवजी मुगाचं धिरडं किंवा उकडलेली अंडी. चतुर्थीचा साबुदाणा तर विसरच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाल, डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर. गच्चीवर, पार्किंगमध्ये, कुठेही.

मुग्धा_नाशिक:
खूप बरं वाटलं गं सगळ्यांचं वाचून. उद्याच फोन करते डॉक्टरांना. पण इन्सुलिन घेऊन रात्री शुगर खूपच उतरली तर? आणि पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे, ताटभर गोड असणार!

डाएटवाली_ताई:
घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, असं काही झालं की आधी मीटर लावायचा. ७० च्या खाली असेल तर ग्लासभर पाण्यात तीन चमचे ग्लुकोज घालून प्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं. ग्लुकोजचा डबा उशाशीच ठेवा आणि नवऱ्यालाही दाखवून ठेवा. इन्सुलिनचं पेन (सुई लावून टोचायचं) वापरायला काढलं की फ्रीजबाहेर चालतं, पण नाशिकच्या उन्हाळ्यात ओट्याजवळ नको, नवीन पेनं फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

तेजूची_आई:
डोहाळजेवणाला आधी पोटभर भाजी-उसळ खा, मग पुरणपोळीचा एक तुकडा, आणि ओटीतले पेढे सरळ नणदेच्या हातात दे 😄 आणि हो, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत ग्लुकोजची टेस्ट करतात, बाळाच्या गडबडीत ती सगळ्याजणी विसरतात. बाळाच्या लसीच्या तारखेलाच लिहून ठेव.