मंगळ-गुरुवार सकाळचा कथक शिशुवर्ग: अजून ४ मुलं हवीत, शुक्रवारपर्यंत कळवा

मेधा, सोमवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,
सकाळी १० च्या वर्गात (वय ३ ते ५) दसऱ्यापर्यंत ७ मुलं होती. तिघांच्या आजी-आजोबांचे व्हिसाचे सहा महिने संपले, ते परत गेले, आणि मुलं डेकेअरला गेली. आता ४ उरली आहेत. संध्याकाळी ५ नंतर स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसते आणि सकाळी तोच हॉल रिकामा. भाडं मात्र तेवढंच. ८ मुलं झाली नाहीत तर नोव्हेंबरपासून वर्ग थांबवावा लागेल, आणि मला तो थांबवायचा नाही. इथे न्यू जर्सीत एडिसन, इझलिन, मेटुचेन, कोणाच्याही घरी या वयाचं मूल दिवसा असेल तर कृपया कळवा.
मेधा

स्नेहल, सोमवार रात्री ११:१५

मेधाताई, आमच्या ओवीला पाठवायचंच आहे. प्रश्न नेण्या-आणण्याचा आहे. आम्ही दोघंही ७:४० ला मेट्रोपार्क स्टेशनवर असतो. सासूबाई फेब्रुवारीपर्यंत आहेत, पण त्या इथे गाडी चालवत नाहीत. सप्टेंबरात त्या स्ट्रोलर घेऊन चालत निघाल्या होत्या. अर्ध्या वाटेत फुटपाथ संपला आणि भर रहदारीच्या कडेने परत आल्या. तेव्हापासून मीच नको म्हटलंय. आमच्या कॉम्प्लेक्समधून कोणी नेईल का? पेट्रोलचे पैसे देऊ.

सुनील, मंगळवार सकाळी ६:५०

स्नेहल, पैशांचं नाव काढू नकोस. मी आता रिटायर आहे, मिनीव्हॅन दारात उभी असते. तुमच्या कॉम्प्लेक्समधून सहजच ३-४ मुलं बसतील. गणपतीच्या सामानाच्या सगळ्या फेऱ्या याच गाडीने केल्या, सगळ्यांना माहीत आहे. आजी पुढे, मुलं मागे. ९:४० ला निघू.

प्राची, मंगळवार सकाळी ८:०५

सुनीलदादा, तुमची तळमळ कळते, पण मुलं आणि गणपतीचं सामान यांत फरक आहे. न्यू जर्सीत ८ वर्षांखालचं आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीचं मूल चाइल्ड सीटशिवाय किंवा बूस्टरशिवाय नेता येत नाही. ४ वर्षांखालच्या, ४० पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मुलाला पाच पट्ट्यांची सीटच लागते. ओवी त्यातलीच. सीट आई-बाबांच्या गाडीत, ती गाडी मेट्रोपार्कच्या पार्किंगमध्ये. मग व्हॅनमध्ये काय लावणार?
उन्हाळ्याच्या पिकनिकला मी एका गाडीतली सीट सहज हाताने हलवून पाहिली. ती दारापर्यंत सरकली, आणि त्यात बाळ बसलेलं होतं. सीटचा पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली तर एका इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. त्या दिवशी माझे हात थरथरत होते, म्हणून सांगते.

सुनील, मंगळवार सकाळी ८:३०

बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोणाकडे मुलं मोठी झाल्यामुळे रिकाम्या पडलेल्या सीट आहेत का?

प्राची, मंगळवार सकाळी ८:४०

दादा, जुन्या सीट आधी तपासाव्या लागतील. त्यांनाही मुदत असते, मागे किंवा खाली छापलेली असते. आणि अपघात झालेल्या गाडीतली तर नकोच.

विद्या (रविवार शाळा), मंगळवार दुपारी १२:२०

एक स्पष्ट करते. रविवारच्या शाळेतल्या शिशुवर्गाच्या पालकांच्या यादीवर हा निरोप परस्पर जाऊ नये. कोजागिरीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. शाळेत लेझीम आणि फुगड्या आपण शिकवतोच. त्याच मुलांना आठवड्यात तीन ठिकाणी पळवणं मला पटत नाही.

मेधा, मंगळवार दुपारी २:१०

विद्याताई, यादीला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही.
पण वर्ग एकच नाहीत. मी ३ वर्षांच्या मुलांकडून तत्कार (पायांनी ताल वाजवणं) घटवून घेत नाही, घुंगरूही बांधत नाही. तालाचे बोल मी म्हणते, मुलं टाळ्या वाजवतात. सोळा मात्रा एका रांगेत चालून मोजतात, सम म्हणजे पहिली मात्रा आली की उडी. एक मुलगा चार आठवडे दाराजवळ बुटांपाशीच बसून होता. पाचव्या आठवड्यात सम आली तेव्हा तो तिथेच, एका पायात बूट असताना, बरोबर जागेवर उडाला. त्याची आजी रडायला लागली. दसऱ्यानंतर गेलेल्या तिघांत तो आहे.

विद्या, मंगळवार दुपारी ३:००

तो आमच्याही वर्गात आहे. तिथे अजून बोलत नाही. त्याच्या घरी फोन करते.

स्नेहलच्या आयडीवरून, मंगळवार दुपारी ४:४५

मी स्नेहलची सासू. सुनेने टाइप करायला शिकवलं आहे, चूकभूल माफ करावी. मी डहाणूकडची, २८ वर्षं बालवाडीत होते. आमच्याकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर शाळाच कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हणत. पाड्यातली लहान मुलं येईनात, तर अंगणातच बालवाडी भरवली.
आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सकाळी ११ ला घसरगुंडीपाशी आम्ही पाच आज्या रोज भेटतो. दोन तेलुगू आहेत, एक गुजराती. सगळ्यांकडे नातवंडं आहेत. क्लबहाऊस सकाळी बंदच असतं. मेधा बाई तिथे आल्या तर गाडीही नको, सीटही नको.

मेधा, मंगळवार रात्री ९:३०

आजी, नमस्कार. तुमची मेल तीनदा वाचली.
अडचण फरशीची. स्टुडिओत लाकडी जमिनीखाली पोकळी आणि रबर आहे, क्लबहाऊसला काँक्रीटवर गालिचा. तिथे पाय आपटायचे नाहीत हे नक्की, गुडघ्यांचं वाटोळं होतं. पण चालणं, टाळी, फेर आणि पिंगा होईल. सम आली की उडीऐवजी खाली बसू. ऑफिसला माझ्या विम्याचं प्रमाणपत्र लागेल, उद्या एजंटला सांगते.
मंगळवारी क्लबहाऊस ११ वाजता, गुरुवारी स्टुडिओ १० वाजता, असं करूया का? शाळांना बर्फामुळे दोन तास उशीर असेल त्या दिवशी स्टुडिओचा वर्ग नाही. मराठी येत नसलेली मुलंही चालतील, बोल सगळ्यांना सारखेच नवे.

स्नेहल, मंगळवार रात्री १०:०५

ऑफिसला मी उद्या फोन करते. आईंनी बाकीच्या चार आज्यांना आत्ताच कळवलंसुद्धा. तिघी हो म्हणाल्या. म्हणजे ओवी धरून ८ होतात ना ताई?

सुनील, बुधवार सकाळी ६:४५

गुरुवारच्या फेरीसाठी मी दोन नव्या सीट घेतो, त्या व्हॅनमध्येच कायम राहतील. प्राची, लावताना तू हवीस.

प्राची, बुधवार सकाळी ७:३०

रविवारी ३ ला शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये. विद्याताईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. दादा, सीटबरोबरची पुस्तिका फेकू नका, आणि व्हॅनचीही घेऊन या.