उत्तर: ट्रेलरचा ट्रक – डिझेल की गॅस? (शनिवारपर्यंतच वेळ)

सुहास, मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी,
मंडळाचा ट्रेलर ओढणारा जुना ट्रक गेला. ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्सच. "दुरुस्त नाही का होणार" हे आता कुणी विचारू नका, तीन ठिकाणी विचारून झालंय.

दोन गाड्या बघून ठेवल्यात, किंमत जवळपास सारखी. एक फोर्ड एफ-२५०, २०२० ची, ७.३ लिटर व्ही-८, गॅस, ६८ हजार मैल. दुसरी रॅम २५००, २०१६ ची, ६.७ कमिन्स डिझेल, १ लाख ३२ हजार मैल. विकणारा शनिवारी दुपारपर्यंत थांबतो म्हणालाय. गणपती पाच आठवड्यांवर आलेत. ट्रेलर मागच्या वर्षी काट्यावर घातला तेव्हा ८,४०० पौंड भरला होता, स्टेजच्या फळ्या आणि ढोल धरून.

एका शब्दात उत्तर द्या. कारणं नकोत.

नंदूकाका, बुधवार, सकाळी ६:०५

डिझेल.

आता कारणं. आपण डेन्व्हरला राहतो, ५,२८० फुटांवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी उतरते. म्हणजे त्या ७.३ ची कागदावरची ४३० अश्वशक्ती आपल्या दारातच ३६० होते, आणि आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११ हजार फुटांवर, २९० सुद्धा उरत नाही. डिझेलला टर्बो आहे, तो विरळ हवाही कोंबून आत घालतो. शिवाय टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर बघा, ४७५ कुठे आणि ८०० कुठे.

आणि चढाचं सोडा, खरी परीक्षा उताराची. डोंगरापलीकडे ग्रँड जंक्शनचा कार्यक्रम करून परत येताना काय झालं ते मी आणि शिरीष दोघांनाच माहीत. आय-७० हायवेवर डेन्व्हर समोर दिसायला लागतं आणि वाटतं, आलं घर. तिथेच पाटी आहे, ट्रकवाल्यांनो फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं. मी फसलो नव्हतो. पण ब्रेकचा असा जळका वास सुटला की शिरीष खिडकी उघडून रामरक्षा म्हणायला लागला. खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेववत नव्हता. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, इंजिनच गाडी धरून ठेवतं, पाय ब्रेकवर फारसा न्यावा लागत नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर, महाड डेपो. वरंध घाटात आयुष्य गेलं. ते सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ती लाल गाडी पण डिझेलचीच होती.

वैशाली, बुधवार, सकाळी ८:३०

सुहास, मराठी मंडळाच्या मेलवर तरी पेट्रोल लिही की रे. गॅस म्हटल्यावर मला आधी सिलिंडरच दिसला. माझ्या सासूबाई मागच्या उन्हाळ्यात आल्या होत्या, आमचे हे फोनवर "गॅस भरून येतो" म्हणाले तर त्यांनी विचारलं, रेग्युलेटर घेतलास का?

सुहास, बुधवार, सकाळी ८:४१

वैशाली, मत सांग. डिझेल की पेट्रोल?

वैशाली, बुधवार, सकाळी ८:४४

मला गाडीतलं काय कळतंय? पण नाटकाचे फ्लॅट्स, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी, त्यात बसले पाहिजेत. दर वर्षी ढोल आधी चढतात आणि आमचं नेपथ्य कुणाच्या तरी मिनीव्हॅनच्या टपावर जातं. ट्रेलर ढोल पथकाचा नाही, मंडळाचा आहे.

मेधा (खजिनदार), बुधवार, दुपारी १२:१५

ट्रकची वही माझ्याकडे आहे म्हणून सांगते. गेल्या वर्षी गाडी २,१०० मैल चालली, खेपा ३१. त्यातल्या २६ गोदाम ते शाळेचा हॉल, १४ मैल. डोंगर चढली फक्त एकदा, ग्रँड जंक्शनला. नंदूकाका, तुम्ही सांगता ती गोष्ट वर्षातल्या एका दिवसाची आहे.

हिशोब असा. भारतात डिझेल स्वस्त असायची सवय, इथे उलटं आहे. आमच्या कोपऱ्यावर आज रेग्युलर ३.१०, डिझेल ३.६०. ट्रेलर लावून पेट्रोल गाडी गॅलनला ९ मैल देते आणि डिझेल १३, असं धरलं तर वर्षाचं पेट्रोल ७२३ डॉलर, डिझेल ५८१. फरक १४२. डिझेलचं ऑइल बदलायला १२ क्वार्ट लागतं, डिझेल फिल्टर वेगळे, ती डीईएफची (धूर स्वच्छ करायच्या द्रवाची) निळ्या झाकणाची टाकी वेगळी. १४२ तिथेच संपले. आता कुणी रीसेल व्हॅल्यूबद्दल लिहिणार, ते मला नको. आपण गाडी मरेपर्यंत वापरतो, हे नुकतंच सिद्ध झालंय.

प्रसाद, बुधवार, रात्री ९:५०

मेधाताई, रेग्युलरचा भाव धरू नका. आपल्याकडे रेग्युलर म्हणजे ८५ ऑक्टेन, डोंगराळ भागातली जुनी पद्धत. त्या इंजिनाला किमान ८७ लागतं, म्हणजे इथे मधला नोझल. ओझं ओढत चढावर ८५ टाकलंत तर आत टकटक ऐकू येईल.

बाकी माझं रोजचं काम डिझेल गाड्या दुरुस्तीचंच आहे, तरी मी पेट्रोल घ्या म्हणतो. काका, रागावू नका. तुमच्या वडिलांच्या एसटीला डीपीएफ नव्हता. आताच्या डिझेलचा धूर बाहेर पडत नाही, काजळी एक्झॉस्टमधल्या जाळीत, म्हणजे या डीपीएफमध्ये, अडकते. ती जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं. १४ मैलांत, त्यात अर्धे सिग्नल, इंजिन जेमतेम गरम होतं. जळायला सुरुवात होते आणि आपण हॉलच्या दारात किल्ली काढतो. असं दहा वेळा झालं की दिवा लागतो, मग गाडी स्वतःची ताकद कमी करते. माझ्याकडे गेल्याच महिन्यात एक गाडी अशी टो करून आली. मालक ती फक्त शाळेत आणि किराण्याला न्यायचा. बिल चार आकडी झालं, आणि पहिला आकडा एक नव्हता.

डिझेल रोज राबणाऱ्याची गाडी आहे. ३१ खेपा हे काही राबणं नाही.

शिरीष, बुधवार, रात्री १०:२०

रामरक्षा नव्हती, मारुतिस्तोत्र होतं.

सुहास, गुरुवार, सकाळी ७:३०

प्रसाद, तू सांगितलंस म्हणून ऑफिसला जाताना दोन्ही गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचून आलो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त वजन, पेट्रोलवर २,९८० पौंड, डिझेलवर १,९७०. मोठी ताकदवान ती आणि झेपतं कमी? कुणीतरी समजावा.

प्रसाद, गुरुवार, सकाळी ७:५५

ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. दोन्ही गाड्यांचं एकूण वजन १० हजार पौंडांच्या आसपास बांधलेलं असतं. डिझेलचं इंजिन पाच-सहाशे पौंडांनी जड, ते त्यातूनच वजा होतं. आता धर, ट्रेलर ८,४००. त्याचा साधारण १२ टक्के भार बॉलवर, म्हणजे ट्रकमागच्या ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर येतो, झाले हजार. आत पाच जण, सरासरी १८० (पथकातले धरून २००, पण असो), ९०० झाले. १,९७० मधून उरले ७०. मागे हौद्यात तुम्ही जनरेटर, पाण्याचे क्रेट आणि चार ढोल टाकता, ते मी बघितलंय.

नंदूकाका, गुरुवार, सकाळी ९:१०

मग वन-टन घ्या, याहून जास्त वजन झेपणारा.

मेधा (खजिनदार), गुरुवार, सकाळी ९:१२

काका. बजेट.

अनघा, गुरुवार, दुपारी १:४०

मी फार लिहीत नाही या लिस्टवर. फक्त एवढंच विचारते, गाडी चालवणार कोण? वहीत गेल्या वर्षी नऊ जणांच्या सह्या आहेत. २०१९ ला भाड्याच्या डिझेल ट्रकमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, नाव घेत नाही. हॉलच्या वाटेवरच्या पंपावर डिझेलची नळी हिरवी आहे, आणि घाईत कुणीही पेट्रोलची काळी उचलतं.

प्रसाद, गुरुवार, दुपारी २:०५

अनघा बरोबर बोलतेय. डिझेलची नळी जाड असते, पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरतच नाही. उलटं मात्र होतं. पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या टाकीत सुळकन जाते. डिझेलचा हाय-प्रेशर पंप डिझेलवरच वंगण घेतो, पेट्रोल गेलं की आतल्या आत घासला जातो आणि त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो. नुसतं भरून झालं असेल तर किल्ली फिरवू नका, टाकी उपसता येते. चालू केलीत की संपलं.

मिलिंद, गुरुवार, दुपारी २:३०

तेव्हा मी किल्ली फिरवली होती कारण मागे हॉर्न वाजत होते. सहा वर्षं झाली, पुरे आता.

नंदूकाका, गुरुवार, रात्री ११:१५

ठीक आहे. १४ मैलांसाठी पेट्रोल घ्या. पण मी लिहून ठेवतो, ग्रँड जंक्शनला तो ट्रक ट्रेलर घेऊन जाणार नाही. त्या एका खेपेला माझा घरचा डिझेल नेऊ, वन-टन आहे. अटी: चालवणार मी. वाटेत भरणार मी. मिलिंद मागच्या सीटवर. आणि माझ्या हौद्यात नारळ फोडायचा नाही, गेल्या वेळचा ओरखडा अजून आहे.

वैशाली, गुरुवार, रात्री ११:२२

काका, तुमच्या हौद्यात फ्लॅट्स बसतील का? आठ बाय चारचे आहेत.

नंदूकाका, गुरुवार, रात्री ११:२५

आठ फुटी हौदा आहे. आडवे, गोधडी खाली घालून. दोरी मी बांधणार.

सुहास, शुक्रवार, सकाळी ८:००

उद्या दहा वाजता पेट्रोलवाली घ्यायला जातोय. मेधा, चेक. प्रसाद, उचलून बघायला येशील ना? खाली गंज वगैरे तूच बघ.

आणि जुन्या ट्रकचा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, त्याच्याबरोबर गेला. आपल्या ट्रेलरला २ ५/१६ इंची बॉल लागतो, २ इंची नाही. तो बॉल शेवटचा कुणी नेला होता? वहीत सही नाही.

मिलिंद, शुक्रवार, सकाळी ८:०९

माझ्या गॅरेजमध्ये आहे. आणतो.